नगरपंचायतीची बाजू कोण मांडतो?

दिंडोरीत तहसीलदारांच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी दावा झाला, तर शासनाची बाजू सरकारी वकील मांडतो. नगरपंचायतीचे तसे नाही. ती स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे. दावा लावते, तिच्यावरही लागतो. म्हणून ती आपला वकील स्वतः नेमते. तो बहुधा खासगी वकिली करणाराच असतो.

कामाचा मोठा भाग अतिक्रमण, बांधकाम परवानगी, कर आणि ठेकेदारांची बिले यांचा. रस्त्यावरची टपरी हटवायची ठरली, की टपरीधारक मनाई हुकुमासाठी न्यायालयात धाव घेणार हे उघड असते. मग वकील आधीच कॅव्हेट दाखल करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148 अ नुसार ते 90 दिवस टिकते आणि आपले म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आदेश देऊ नये, ही विनंती त्यात असते.

पण माझ्या मते त्याचे खरे कौशल्य न्यायालयाबाहेर दिसते. नोटीस नीट बजावली का, पंचनामा झाला का, ठराव आहे का, हे तो कारवाईपूर्वी तपासतो. कागद कच्चा असेल तर ‘आज हटवू नका’ असे मुख्याधिकाऱ्यांना स्पष्ट सांगणारा वकील नगरपंचायतीला हवाच, कारण नियम डावलून मोडलेली टपरी हे कुणाचे तरी पोट असते.