पाण्यांत लपलेले धातु



लग्नाच्या वराती एके काळीं ज्या गॅसबत्त्यांच्या शुभ्र उजेडांत निघत, त्या बत्तीचें जाळीदार मेंटल आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. त्यांत थोरियमच्या जोडीला शेंकडा एक या मानानें सीरियम असे. आणि हे दोन्ही धातु जींत सांपडतात ती मोनाझाइट वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून परदेशीं जाई. त्या बत्त्या मागें पडल्या. पण सीरियमचीं भावंडें आपल्या घरांत नव्या वाटांनीं शिरलीं आहेत. खिशांतल्या फोनच्या इवल्या चुंबकांत निओडिमियम असतो. एम्. आर्. आय्. चित्र स्पष्ट उमटावें म्हणून रोग्याच्या शिरेंत जें औषध टोंचतात, त्यांत बहुधा गॅडोलिनियम असतो. एकंदर सतरा धातूंच्या या कुटुंबाला विरल मृत्तिका म्हणतात. ते पाण्यांत विरघळलेले असतां विजेच्या साह्यानें ओळखतां येतात काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

'विरल' हें नांव तसें फसवें आहे. सीरियम तर पृथ्वीच्या कवचांत जवळजवळ तांब्याइतका विपुल आहे. खरी अडचण आहे ती भावंडांना एकमेकांपासून वेगळें ओळखण्याची. स्वीडनमधील इटरबी गांवच्या एका काळ्या खनिजांत गॅडोलिन यांना १७९४ सालीं यांपैकीं पहिली मृत्तिका आढळली. पुढें १८३९ सालीं मोसांडर यांनीं एका धातूला 'लपून राहणारा' अशा अर्थाचें लॅन्थॅनम हें नांव दिलें; आणि १८८६ सालीं सांपडलेल्या डिस्प्रोसियमच्या नांवाचा अर्थच 'हातीं लागण्यास कठीण' असा आहे. कारण असें कीं, पाण्यांत हे बहुतेक सर्व धातु प्रत्येकीं तीन इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, आणि लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत चौदा पायऱ्या उतरल्यावरहि त्यांच्या आयनांचा आकार सुमारें एकषष्ठांशानेंच घटतो.

तांबें किंवा शिसें ओळखण्यास वीज फार उपयोगी पडते. विद्रावांत दोन विद्युत्-अग्रें बुडवून दाब हळूहळू वाढविला, म्हणजे प्रत्येक धातु आपआपल्या ठराविक दाबाला इलेक्ट्रॉन स्वीकारतो, आणि वाहणाऱ्या प्रवाहावरून त्याचें प्रमाण कळतें. प्राग येथें १९२२ सालीं हेरोव्हस्की यांनीं पाऱ्याच्या थेंबावर ही रीत बसविली. तिच्याबद्दल त्यांना १९५९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु विरल मृत्तिकांना धातुरूपांत आणण्यास दोन व्होल्टांहून अधिक दाब लागतो, आणि तेथवर पोंचण्यापूर्वींच पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे उठूं लागतात. वक्त्यानें तोंड उघडण्याआधींच सभेंत गोंगाट माजावा, तशी ही गत!

यांतून तीन वाटा निघाल्या. पहिली वाट कुटुंबांतील वेगळ्या स्वभावाच्या व्यक्ति हेरण्याची. युरोपियम अगदीं थोड्या दाबाला, पाव-अर्धा व्होल्ट एवढ्यांतच, एक इलेक्ट्रॉन घेतो. उलट सीरियम आपल्याजवळचा आणखी एक देऊं शकतो. हे दोघे म्हणून सहज सांपडतात. इतर बहुतेकांना ही वाट बंद आहे.

दुसरी वाट पिंजऱ्याची. प्लास्टिकच्या पातळ पटलांत असे रेणु बसवितात कीं, त्यांच्या पोकळींत विशिष्ट आकाराचाच आयन नीट मावावा. तो तेथें शिरला कीं पटलाच्या दोन बाजूंमध्यें विजेचा दाब उत्पन्न होतो. नर्न्स्ट यांच्या नियमाप्रमाणें एकेरी भाराच्या आयनाचें प्रमाण दहापट वाढलें तर हा दाब ५९ मिलिव्होल्टांनीं बदलतो. तिहेरी भाराच्या या धातूंच्या बाबतींत मात्र जेमतेम २०. त्यामुळें वाचनांत एका मिलिव्होल्टाची चूक झाली, तरी उत्तर शेंकडा बारांनीं चुकतें. शिवाय शेजारचें भावंडहि थोडेंबहुत त्याच पिंजऱ्यांत शिरतें.

तिसरी वाट मध्यस्थाची. एखादें रंगद्रव्य धातूला घट्ट धरतें. ही जोडी विद्युत्-अग्रावर कांहीं मिनिटें सांचूं देतात आणि मग दाब बदलून प्रवाह मोजतात. पुष्कळदां येथें इलेक्ट्रॉन घेतें तें रंगद्रव्य. धातूची केवळ साक्ष पटते. सांचवण्यामुळें अत्यल्प धातूहि कळतो, परंतु बहुधा उत्तर येतें तें साऱ्या भावंडांची बेरीज म्हणून.

आतां या मोजमापाचें मर्म पाहूं. १९९६ सालीं बाऊ आणि डुल्स्की यांनीं असें दाखविलें कीं, दाट वस्तीच्या प्रदेशांतून वाहणाऱ्या नद्यांत गॅडोलिनियम त्याच्या भावंडांच्या मानानें प्रमाणाबाहेर आहे. तो येतो रुग्णालयांतल्या त्या औषधांतून. रोग्याच्या मूत्रावाटे निघून तो सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेंतूनहि बराचसा पार होतो. उघडा गॅडोलिनियम विषारी असल्यामुळें औषधांत तो एका सेंद्रिय रेणूच्या मिठींत मुद्दाम कोंडलेला असतो. जी मिठी रोग्याचें रक्षण करते, तीच त्याला मापकापासून लपविते. नदींतलें प्रमाण लिटरला ग्रॅमच्या अब्जांशांत मोजण्याइतकें अल्प आहे. परंतु तें हजारों पटींनीं वाढलें, तरीहि पटलाचें विद्युत्-अग्र जवळजवळ शून्यच दाखवील, कारण त्याला फक्त मोकळा आयन दिसतो. यांत उपकरणाचा दोष नाहीं. 'मोकळा धातु किती?' या प्रश्नाचें तें खरें उत्तर देतें. 'एकंदर धातु किती?' हें आपण त्याला विचारलेंच नव्हतें. त्यासाठीं ती मिठी आधीं तोडावी लागते, किंवा प्रयोगशाळेंतील महागड्या यंत्राकडे जावें लागतें. उलट शुद्धीकरणाच्या कारखान्यांतील आम्ल विद्रावांसारख्या ठिकाणीं, जेथें धातु विपुल असून इतका जखडलेला नसतो, तेथें हेंच हातांत मावणारें साधन कांहीं मिनिटांत उपयुक्त उत्तर देऊं शकतें.

तेव्हां पाण्याच्या तपासणींत 'कांहीं आढळलें नाहीं' असा निर्वाळा जेव्हां आपल्या कानीं येईल, तेव्हां सुज्ञ नागरिकानें एवढेंच विचारावें : कोणत्या रूपांतला पदार्थ शोधला होता? शून्याचा अर्थ प्रश्नावर अवलंबून असतो.