मुळशींतील भातखाचरें : वारा, पाऊस आणि बांध

सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेल्या मुळशी तालुक्यास मोठा पाऊस नवा नाहीं. तेथील भात पावसावरच पोसतो. परंतु वाऱ्यानें होणारें नुकसान व पाण्यानें होणारें नुकसान हीं दोन निराळीं असून, शेतकरी बंधूंनीं त्यांचा विचारही निराळा करणें अगत्याचें आहे.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. तेथें वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर होता. पुढें तें पुणें जिल्ह्यांत शिरलें. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. छप्पर गेलें कीं बियाणें व गुरांचा पेंढा भिजतो, आणि तेव्हां तर पेरणीचे दिवस होते. मात्र भाताची लावणी व्हावयाची असल्यामुळें खाचरांतील पिकाची हानि टळली.

पाण्याची गोष्ट वेगळी. ता. २५ जुलै २०२४ रोजीं ताम्हिणी येथें चोवीस तासांचा पाऊस ५५६ मि.मी., म्हणजे सुमारें २२ इंच, नोंदला गेला. पुणें शहरास सबंध वर्षांत सरासरी इतका पाऊस पडण्यास बहुतेक पावसाळा लागतो! या सुमारास नुकत्याच लावलेल्या रोपांनीं मूळ धरलेलें नसतें. वरचा बांध फुटला कीं त्याचें पाणी खालच्या खाचरांत कोसळतें, तोही बांध फुटतो, आणि रोपांबरोबर माती ओढ्यास जाते. उडालेला पत्रा पुन्हां घालतां येतो. वाहून गेलेली माती भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात. अल्पभूधारकाचा खरा तोटा हाच होय.

यास्तव बांधांची डागडुजी उन्हाळ्यांतच, वरच्या खाचरापासून आरंभून, करावी. प्रत्येक खाचरास दगडांनीं बांधलेला सांडवा ठेवावा व बांधावरील गवत खणून काढूं नये. एकाचा फुटका बांध खालच्या साऱ्यांस बुडवितो, म्हणून हें काम एका उतारावरील सर्वांनीं मिळून करणें बरें. तरवा आठ-दहा दिवसांच्या अंतरानें दोन वेळां टाकल्यास वाहून गेलेल्या जागीं पुन्हां लावण्यास रोपें उरतात. आंबेमोहोर उंच वाढून लोळतो, तेव्हां त्यास नत्रखत बेतानेंच द्यावें.

नुकसान झाल्यास दुरुस्तीपूर्वीं छायाचित्रें घेऊन तलाठ्यास ताबडतोब लेखी कळवावें. पंचनाम्यांत बुडालेल्या पिकाबरोबर फुटलेले बांध व वाहून गेलेली जमीनही लिहविण्यास विसरूं नये. पीक एका हंगामाचें असतें. पुढील हंगाम त्या जमिनीवरच काढावयाचे आहेत.