मेंदूची राखण

विहिरीतून पाणी शेंदताना आपण एक गोष्ट रोज पाहतो. भरलेली घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली, की दोर हाताला काचतो. घागर तीच, मग आधी वजन कुठं गेलं होतं? पाण्यानं ते तोलून धरलं होतं.

आपल्या मेंदूचंही असंच आहे. मोठ्या माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅम भरतो. पण तो फार मऊ असतो. कवटीत नुसता ठेवला, तर स्वतःच्याच भाराने चेपेल. म्हणून तो पाण्यात तरंगतो. तिथं त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम होतो. लहानसहान धक्के हे पाणीच झेलते. हे पाणी मेंदूत तयार होते, पाठीच्या कण्यापर्यंत फिरते आणि शेवटी रक्तात मिसळते. एका वेळी ते सुमारे १५० मिलिलिटर असते. दिवसाला अर्धा लिटर नवे तयार होते.

दुसरा राखणदार रक्तवाहिन्यांत आहे. १८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जनावरांच्या रक्तात रंग सोडला. सारे अंग रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला! असं का? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. मधे फट नसते. प्राणवायू आत जातो, साखरेला खास वाट आहे. पुष्कळशी विषे व जंतू बाहेरच अडतात. दारूला मात्र ही भिंत अडवू शकत नाही. म्हणून तर पिणाऱ्याची जीभ अडखळते.

कधी कधी जंतूही आत शिरतात. मग मेंदूज्वर होतो. ताप चढतो, डोके ठणकते, उलट्या होतात, मान ताठते, रोगी गुंगीत जातो. अशा वेळी डॉक्टर कमरेत सुई घालून ते पाणी थोडे काढतात व तपासतात. कोणते जंतू आहेत ते त्यावरून कळते.

इथंच घरची माणसं घाबरतात. "पाठीतलं पाणी काढलं तर पोर लुळं पडेल," म्हणतात. तसे नाही. सुई जिथे घालतात, तिथे मज्जारज्जू नसतो. तो वरच संपतो. काढलेले पाणी काही तासांत भरून येते. फार तर काही दिवस डोके दुखते.

खरी भीती सुईची नाही, उशिराची आहे. उशिराने मूल बहिरे होते, जिवालाही मुकते. म्हणून आम्ही सांगतो: ताप आणि ताठ मान दिसली, की वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.