टाक्याच्या आधीचे शिरोडकर

चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारसे न दुखता, पिशवीचे तोंड उघडते आणि गर्भ निसटतो. पुढच्या खेपेलाही तेच. अशा बाईला ‘हिच्या पोटी मूल टिकत नाही’ एवढेच ऐकावे लागे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचे नाव निघाले की लोक गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या त्यांच्या टाक्याबद्दल बोलतात. माझ्या मते त्यांचे मोठे काम टाक्याच्या आधीचे आहे. बाईच्या कपाळी मारलेला दोष त्यांनी तिथून उचलला आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या टोकाशी, सैल पडलेल्या एका कड्यावर बोट ठेवले.

1899 साली गोव्यात जन्मलेले शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, इंग्लंडहून एफआरसीएस होऊन आले आणि त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले. 1955 मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी, 1950 मध्ये, अमेरिकेत लॅश यांनी हे मुख दुरुस्त केले होते, पण गर्भ राहण्यापूर्वी. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच हात घातला, आणि ते सोनोग्राफी नसलेल्या काळात. मूत्राशय अलगद वर सारायचे, बाईच्याच मांडीतून काढलेली चिवट पांढरी पट्टी मुखाभोवती ओवायची आणि पिशवीची नाडी ओढावी तशी आवळायची. निदान चुकले असते तर या धाडसाला काही अर्थच उरला नसता.

यावर कोणी म्हणेल, 1957 मध्ये मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपा टाका दिला आणि आज तोच जास्त घातला जातो. खरे आहे. पण त्या टाक्याच्या मुळाशीही कल्पना तीच आहे: गर्भ असतानाच तोंड बांधायचे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. टाका सरसकट घातला गेला. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1292 स्त्रियांच्या चाचणीत, 33 आठवड्यांपूर्वीची बाळंतपणे टाका घातलेल्या गटात 13 टक्के होती आणि दुसऱ्या गटात 17 टक्के. सुमारे 25 टाक्यांमागे एक अकाली बाळंतपण टळले. मला हा आकडा शिरोडकरांच्या विरोधात जाणारा वाटत नाही. दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवा, असेच तोही सांगतो. तीन किंवा अधिक वेळा मुदतीआधीच गर्भ गेलेल्या किंवा बाळंतपण झालेल्या स्त्रियांत फायदा जास्त स्पष्ट दिसला.

म्हणून आधीचा गर्भ कितव्या महिन्यात गेला, कळा आल्या होत्या की नाही, हे डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. पहिल्या तपासणीलाच सांगा. असा टाका बहुधा 12 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान घालतात.