माडीवरचा बोर्ड आणि त्याचे अर्थिंग

घरात फेजमधून वीज येते, आपले काम करते आणि न्यूट्रलमधून परत जाते. तिसरी, हिरवी तार एरवी काहीच करीत नाही. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा तिच्यावरच पडते.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माडीवर दोन खोल्या वाढविल्या आणि जिन्याच्या माथ्याशी एक लहान बोर्ड बसविला. वायरमनने खालून दोनच तारा वर आणल्या आणि त्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी व अर्थची पट्टी तारेच्या तुकड्याने जोडून टाकली. "साहेब, दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात!" हे त्याचे शास्त्र. दिवे लागले, मी पैसे दिले. पुढे एके दिवशी घरातून तक्रार आली की, माडीवरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. पाहतो तो खालून येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला झालेला.

तो स्क्रू पुरताच निसटला असता तर? परतीची वाट बंद. एखादा दिवा लावताच त्यातून आलेली वीज न्यूट्रलच्या पट्टीवर, तेथून त्या तुकड्यावाटे अर्थच्या पट्टीवर आणि तेथून गीझरच्या पत्र्यावर चढली असती. म्हणजे २३० व्होल्टच्या पत्र्यापाशी ओल्या अंगाने माणूस उभा! न्यूट्रल जमिनीला मिळते हे खरे, पण तो सांधा वीज पुरविणाऱ्याने रोहित्रापाशी केलेला असतो. आपल्या घरात, विशेषतः अशा पोटबोर्डात, तो पुन्हा करावयाचा नाही.

कोणी म्हणेल, माडीसाठी वेगळा गज जमिनीत ठोकू. आता हिशेब पाहा. आपल्याकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत त्या वाटेचा रोध २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने जागचा हलणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून खालच्या मुख्य अर्थपट्टीपासून वरच्या अर्थपट्टीपर्यंत अखंड तांब्याची तार हवी. फेजची तार ६ चौरस मिलिमीटरची असेल तर हीही ६ चीच घ्यावी.

शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो मेळ घालतो. तेवढी तूट दिसली की तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. त्याच्यापुढे कोठे न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतील तर तो वारंवार पडतो. मग काही कारागीर सांधा शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतात! हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलण्यासारखे झाले.

माझ्याकडे परवानाधारक माणूस आणून, मेन बंद करून तो तुकडा काढविला आणि तिसरी तार वर नेली. बोर्ड स्वतः उघडण्याच्या फंदात मात्र आपण पडू नये. आपल्या हातचे काम एवढेच: आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे, आणि मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर वैशाखात त्यात दोन बादल्या पाणी ओतावे. माती सुकली की तिचा रोध वाढतो.