अकोल्याची मिनी डाळ मिल आणि तिची पुढची पायरी

तुरीचे टरफल दाण्याला डिंकासारखे चिकटलेले असते. हरभरा त्या मानाने सरळ. तूर आधी रोळावर खरवडायची, तिला तेलाचा हात द्यायचा, ढीग घालून मुरू द्यायची, उन्हात वाळवायची, पाण्याचा हबका मारून पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे ती भरडायला येते. ऊन कमी पडले किंवा रोळाचा दाब जास्त झाला, की डाळीऐवजी चुरी हाती येते आणि मिलवाल्याचा नफा पशुखाद्याच्या भावात जातो.

हा खटाटोप खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात आणला तो अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या प्रक्रिया अभियंत्यांनी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली. ती तासाला साधारण क्विंटलभर माल घेते. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या मिलकडे तूर ट्रकने येते. ही मिल एका खोलीत मावते आणि पोत्याने आलेला मालही परवडतो. त्यामुळे तूर पिकवायची आणि डाळ दुकानातून आणायची, हा उलटा व्यवहार टाळण्याची सोय गावातच झाली. बचत गटांनी, तरुणांनी, शेतकरी कंपन्यांनी ती चालवायला घेतली.

या मिलची पुढची पायरी म्हणजे तिच्या पाठीशी उभे राहणारे प्रादेशिक नवोपक्रम केंद्र. असे केंद्र म्हणजे वेगळे काय असते? युरोपीय संघाने छोट्या उद्योगांच्या डिजिटल बदलासाठी अशा केंद्रांचे जाळे विणले आहे. त्यांच्याकडे चार कामे आहेत: विकत घेण्याआधी तंत्र वापरून पाहू देणे, माणसे शिकवणे, भांडवलाचा रस्ता दाखवणे आणि ओळखी करून देणे. आपल्याकडे पुण्यात सी४आय४ ही प्रयोगशाळा केंद्र सरकारच्या 'समर्थ उद्योग' योजनेतून कारखान्यांना असे साहाय्य करते. पण तिचे जग सुट्या भागांच्या, यंत्रांच्या कारखान्यांचे. मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्या डाळमिलवाल्याला पुणे लांब पडते, आणि नुसते अंतरानेच नव्हे.

नवी पद्धत उचलायला वऱ्हाड कधी कचरला नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंज्यात भरला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला, पुढच्या बाजार समित्यांची वाट त्यातूनच निघाली. काटा कोणाचा, माप कोणते, पैसे कधी, हे प्रश्न तेव्हा कायद्याने सोडवले. आज तेच प्रश्न संगणकावर आले आहेत.

किंबहुना सरकारच वहीवरून उठले आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन, अन्न परवाना ऑनलाइन. १८ जुलै २०२२पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, म्हणजे पिशवीवर स्वतःचे नाव छापणाऱ्या छोट्या मिललाही विवरणपत्र आले. जानेवारी २०२४मध्ये हमीभावाने तूर खरेदीची नोंदणी 'ई-समृद्धी' पोर्टलवर सुरू झाली. मिलवाला या साऱ्यासाठी शहरातल्या सल्लागाराकडे जातो, पैसे देतो आणि परत येतो. कागद पुरे होतात, धंद्यात मात्र काही बदलत नाही.

बदल व्हायचा तर तो उताऱ्यापासून व्हायला हवा. पोते आत गेले तेव्हा वजन किती, ओल किती, डाळ किती निघाली, चुरी किती, टरफल किती: एवढे पाच आकडे प्रत्येक खेपेला मोबाइलवर नोंदले, तरी कोणत्या गावची तूर चांगली उतरते आणि रोळ कधी घासला आहे हे दोन महिन्यांत कळते. मजुरीवर भरडून देणाऱ्याला तर त्याचा दुहेरी फायदा आहे. शेतकऱ्याच्या हाती छापील पावती पडली, की 'माझी डाळ कमी आली' हा वाद उरत नाही.

दुसरी पायरी कलर सॉर्टरची. दाणे उतरत्या पन्हळीतून पातळ थराने घसरतात, कॅमेरा काळा किंवा डागी दाणा टिपतो आणि हवेचा झोत तो बाजूला उडवतो. बाजारात 'सॉर्टेक्स' म्हणून चढा भाव घेणारी डाळ ती हीच. तासाला क्विंटल भरडणाऱ्याने असे यंत्र एकट्याने घेण्यात अर्थ नाही. दहा-वीस मिलनी मिळून एक घ्यावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकेका उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठरले आणि सामायिक सुविधेलाही ३५ टक्क्यांची तरतूद झाली.

म्हणजे नवोपक्रम केंद्राच्या चारही कामांचे सामान वऱ्हाडात आहे. यंत्र आणि प्रशिक्षण अकोल्यात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे इन्क्युबेशन केंद्र आणि १९६४पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अमरावतीत. जिल्हा उद्योग केंद्र दोन्हीकडे. जून २०२२मध्ये या दोन जिल्ह्यांतून जाणाऱ्या महामार्गावर, लोणी ते माना, एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता झाला, पण अमरावतीचा सॉफ्टवेअर लिहिणारा विद्यार्थी आणि अकोल्याचा डाळमिलवाला अजून एका टेबलावर बसत नाहीत. विद्यार्थ्याचा प्रकल्प परीक्षेपुरता असतो, मिलवाल्याची अडचण हंगामापुरती, आणि दोघांचे वेळापत्रक जुळवणारा कोणी नाही.

अशा केंद्रासाठी काचेची नवी इमारत नको. कृषी विद्यापीठाच्या आवारात एक सामायिक सॉर्टर, एक ओलमापक, अर्ज आणि परवाने समजणारा एक माणूस आणि अमरावतीहून सहा महिने मुक्कामाला आलेले चार विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होईल. तुरीचा नवा माल डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागतो. दोन्ही विद्यापीठांनी आणि उद्योग केंद्रांनी त्याआधी एकत्र बसावे. शेतकरी कंपन्यांनीही बोलावण्याची वाट न पाहता आपल्या उताऱ्याचे आकडे घेऊन तिथे जावे.