भिंत वाळली का?

दसरा-दिवाळीच्या आत घर रंगवायची आपली घाई, आणि नेमक्या तेव्हाच भिंतींनी पावसाळा पोटात साठवलेला असतो. ओल तपासायला भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवा. आतून दव धरलं तर थांबा. नव्या गिलाव्याला तर 28 दिवस द्यावेतच. छटा नुसत्या कार्डावरून ठरवू नये. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तीच छटा खोलीत गडद वाटते. दोन बाय दोन फुटांचा नमुना लावून सकाळी आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहा. चकचकीत रंग पुसायला सोपा, पण लांबीतला प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर आणतो. छताला पांढराच बरा; जुनी माणसं चुन्यात चिमूटभर नीळ टाकत, ती त्याचा पिवळेपणा लपवायला.